मांडवभर वेल, ढीगभर फुले, फळ मात्र नाही: तासगावच्या पॅशन फ्रूटबद्दल

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांनी द्राक्षबाग काढली, पण घरालगतचा मांडव तसाच ठेवला आणि दोन वर्षांपूर्वी त्यावर पॅशन फ्रूटची वेल चढवली. वेलीने मांडव झाकून टाकला. फुले भरपूर येतात, फळे मात्र चार-दोनच धरली आणि तीही दात आंबतील इतकी आंबट निघाली. सासूबाईंचे म्हणणे, बांधावर जाळीत गुंडाळलेली पिवळी फळे मुले खातात, तीच ही वेल. कुणा पाहुण्याने सांगितले, पानांचा काढा घेतला की झोप लागते, साखर उतरते. तर सासऱ्यांना तो द्यावा का? आणि शेवटी, हे जमले तर एकरभर लावावे का?

ताई, वाईकडे रोपवाटिका चालवताना हे प्रश्न मला सुटे सुटे कायम ऐकायला मिळतात. तुम्ही ते एकत्र विचारलेत हे फार बरे झाले, कारण चारही प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी आहे. तुमच्या मांडवावर नेमकी कोणती वेल आहे, हे आधी ठरले पाहिजे. फळ का धरत नाही, ते गोड का नाही, पान पोटात घ्यावे की नाही, सगळे त्यावर अवलंबून आहे.

पॅसिफ्लोरा या प्रजातीत पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक मूळच्या अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातल्या. आपल्याकडे रोपवाटिकेत ‘कृष्णकमळ’ म्हणून जे देतात, त्यात यातल्या निदान चार-पाच जाती आणि त्यांचे संकर येतात. झालरीतल्या तंतूंना शंभर कौरव, पाच पुंकेसरांना (पराग देणाऱ्या भागांना) पांडव आणि वरच्या तीन कुक्षींना (पराग घेणाऱ्या टोकांना) ब्रह्मा-विष्णू-महेश मानून श्रावणात आपण ते फूल देवाला वाहतो. पण त्या निळ्या-जांभळ्या किंवा लाल फुलांच्या वेली मुख्यतः फुलांसाठीच आहेत. त्यांना फळ लागतच नाही, किंवा लागले तर आत भुसभुशीत, बेचव. बाजारात पॅशन फ्रूट म्हणून मिळणारे फळ पॅसिफ्लोरा एडुलिस या जातीचे. ती दक्षिण ब्राझील, पराग्वे आणि उत्तर अर्जेंटिनाची. तिचे दोन प्रकार आहेत, जांभळ्या सालीचा आणि पिवळ्या सालीचा. भारतात ती निलगिरी, कोडगू, वायनाड आणि ईशान्येकडे मणिपूर, नागालँड, मिझोराममध्ये चांगली रुजली. या दोन प्रकारांचा संकर करून भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या कोडगूतल्या चेट्टळ्ळी केंद्राने ‘कावेरी’ हे वाण काढले. आपल्या भागातल्या रोपवाटिकांत हल्ली कावेरीच्या नावाने बरीच रोपे विकली जातात. त्यातली सगळी खरोखर कावेरी असतात असे नाही, म्हणून नावावर न जाता वेलीकडे पाहायला शिकावे.

खाण्याच्या जातीचे पान तीन भागांत खोल चिरलेले असते, वरून तकतकीत आणि कडेला करवतीसारखे बारीक दाते. देठ जिथे पानाला मिळतो तिथे दोन बारीक गाठी दिसतात. कडा गुळगुळीत असेल आणि पान पाच भागांत चिरलेले असेल, तर ती शोभेची वेल. खोड चौकोनी, कडांना पंखासारखी पट्टी आणि पान न चिरलेले, असे असेल तर ती मोठ्या, पपईएवढ्या फळाची वेगळी जात. कोवळ्या शेंड्यांवर आणि तणाव्यांवर तांबूस छटा असेल तर बहुधा पिवळ्या फळाचा प्रकार, सगळे हिरवेगार असेल तर बहुधा जांभळ्याचा. पण खरा निकाल घड्याळ देते. जांभळ्या प्रकाराचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. पिवळ्याचे फूल दुपारच्या सुमारास उमलते आणि रात्री मिटते. दोन दिवस नुसते लक्ष ठेवा.

तुम्ही लिहिले आहे की फुले ‘दुपारच्या चहाला छान उमललेली असतात’. दात आंबवणारी फळे आणि ही वेळ, दोन्ही एकत्र धरली तर माझा अंदाज असा की तुमच्याकडे पिवळ्या फळाचा प्रकार आहे. आणि तसे असेल तर फळ न धरण्याचे पहिले कारण तिथेच सापडले. पिवळी वेल स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. एका वेलीवर फुले कितीही असोत, सगळ्यांचा पराग एकाच वेलीचा, आणि तो तिला चालत नाही. जवळच दुसरी, वेगळ्या रक्ताची वेल लागते. याच वेलीची छाट कलमे करून चार ठिकाणी लावली तरी उपयोग नाही, कारण ती सगळी मिळून एकच वेल असते. वेगवेगळ्या ठिकाणच्या फळांचे बी लावून दोन-तीन रोपे तयार करा आणि मांडवाच्या दुसऱ्या बाजूने चढवा. एकाच फळातल्या बियांची रोपे बहीण-भावंडे असतात आणि त्यांचेही कधी कधी आपसात जुळत नाही, म्हणून फळे वेगवेगळ्या वेलींवरची असू द्या. जांभळ्या प्रकाराला हा अडथळा नाही, तो एकटाही फळतो.

दुसरी वेल आली तरी पराग इकडून तिकडे नेणारे कुणी हवे. या फुलाची रचना मोठ्या कीटकासाठी आहे. मध झालरीच्या तळाशी असतो आणि पुंकेसर वर, तोंड खाली करून लोंबतात. मधमाशी लहान पडते. ती मध पिऊन किंवा पराग खरवडून निघून जाते आणि कुक्षीला तिचा स्पर्शही होत नाही. हे काम काळ्या, निळसर पंखांच्या, घों घों करत येणाऱ्या मोठ्या भुंग्याचे. तो झालरीवर गोल फिरत मध पितो तेव्हा त्याची पाठ बरोबर पुंकेसरांना घासते, आणि पुढच्या फुलात तीच पाठ कुक्षीला लागते. हा भुंगा वाळक्या लाकडात आणि पोकळ बांबूत भोक पाडून घर करतो. द्राक्षपट्ट्यात लाकडी डांब जाऊन लोखंडी अँगल आले, बांधावरची वाळकी झाडे तुटली, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर महिनोन्‌महिने फवारण्या चालतात. भुंग्याने राहायचे कुठे आणि जगायचे कसे? मांडवाच्या कडेला पांगाऱ्याचा किंवा शेवग्याचा वाळका ओंडका उभा बांधून ठेवा, दोन-चार वाळके बांबू आडवे टाका. शेजारच्या बागेत फवारणी कोणत्या वेळी होते तेही विचारून ठेवा. तुमची फुले दुपारनंतर उमलत असतील आणि शेजारी सकाळी लवकर फवारत असतील, तर भुंगा वाचण्याची शक्यता थोडी वाढते.

भुंगे येईपर्यंत हाताने परागीकरण करा. ब्राझीलमध्ये मोठमोठ्या बागांतून मजूर हेच काम करतात. फूल उमलले की तिन्ही कुक्षी आधी वर ताठ असतात, मग तासाभरात वाकून खाली पुंकेसरांच्या पातळीला येतात. त्या खाली आल्या की काम सुरू करायचे. एका वेलीच्या फुलातला पिवळा पराग बोटावर किंवा मऊ ब्रशवर घ्या आणि दुसऱ्या वेलीच्या फुलातल्या तिन्ही कुक्षींना हलकेच लावा. तिन्ही म्हणजे तिन्ही, आणि पराग भरपूर. या फळात रस म्हणून जे काही आहे ते प्रत्येक बीभोवतीच्या पिशवीत असते. पराग कमी पडला की बिया कमी, बिया कमी की रस कमी, आणि फळ हातात घेतले की हलके, आत पोकळ. कुक्षी वाकल्याच नाहीत, वरच ताठ राहिल्या, तर त्या फुलाचा नाद सोडा, त्यातून फळ होत नाही. परागावर पाणी पडले की परागकण फुटतात, म्हणून पाऊस येईल असे दिसले तर त्या दिवशीची मेहनत वाचवा. स्प्रिंकलर असेल तर फुलांच्या वेळी बंद ठेवा.

आता खताचे. जुन्या द्राक्षबागेची जमीन म्हणजे वर्षानुवर्षे शेणखत, स्लरी आणि रासायनिक खत पचवलेली जमीन. त्यात तुम्ही वरून युरिया टाकत असाल तर तो आधी बंद करा. नत्र जास्त झाले की वेल पाने आणि शेंडे काढत सुटते. कळ्या लागतात, पण टिकत नाहीत. वर्षातून एकदा चांगले कुजलेले शेणखत आणि फळे धरल्यावर पालाश, एवढे घरच्या वेलीला पुष्कळ होते.

छाटणीबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचे आहे, कारण तासगावच्या माणसाच्या हातात कात्री आली की तो द्राक्षाच्या हिशोबाने चालवतो. खरड छाटणीत आपण द्राक्षाची वेल एक-दोन डोळ्यांवर आणतो आणि ती जोमाने फुटते. पॅशन फ्रूटला असे केले तर ती मरू शकते. जुन्या, जाड, टणक खोडातून नवीन फूट काढण्याची ताकद तिच्यात फार कमी असते. मुख्य खोड आणि मांडवावर पसरलेल्या दोन-चार मुख्य फांद्या यांना हात लावायचा नाही. त्यांच्यापासून निघून खाली लोंबणाऱ्या बाजूच्या फांद्या तेवढ्या चार-पाच डोळे ठेवून छाटायच्या. फूल येते ते त्याच हंगामातल्या नव्या फुटीवर. म्हणून छाटणी न झालेल्या वेलीत वर हिरवा ढीग आणि आत वाळक्या काड्यांचा गुंता होतो, उजेड जात नाही, हवा फिरत नाही आणि फुले फक्त बाहेरच्या कडेला येतात. तुमच्या वर्णनावरून दोन वर्षांत एकदाही छाटणी झालेली दिसत नाही. फळांचा बहर संपला की छाटावे. दक्षिणेत या वेलीचे दोन बहर येतात, ऑगस्ट ते डिसेंबर आणि मार्च ते मे. तुमच्याकडे दुसऱ्या बहराला ऊन खाते, त्यामुळे पहिल्यावरच भर द्या आणि जानेवारीच्या शेवटी, थंडी ओसरताना छाटणी उरका. एप्रिल-मेच्या उन्हात छाटू नका, उघडी पडलेली खोडे करपतात. मधला वाळका गुंता तेवढा कधीही, हळूहळू, खालून काढत राहिलात तर चालेल.

ऊन हा तासगावचा खरा प्रश्न आहे. जांभळ्या प्रकाराला 18 ते 25 अंश मानवते. पिवळा आणि कावेरी त्याहून सोशीक, पण पारा 35 च्या वर राहू लागला की त्यांच्याही कळ्या गळतात. म्हणूनच पाचगणीला किंवा पाटणच्या डोंगरउतारावर जी वेल सहज फळते, ती तुमच्याकडे उन्हाळ्यात नुसती जगते. तिला जगू द्या. दुपारनंतरच्या उन्हाची बाजू शेडनेटने झाका किंवा त्या बाजूला आंबा-शेवग्यासारख्या झाडाची सावली असेल तर फारच चांगले. मुळ्या उथळ असतात, म्हणून बुडाभोवती उसाचे पाचट चांगले वीतभर जाड अंथरा, फक्त खोडाला टेकवू नका. पाणी ठिबकने, थोडे थोडे, रोजच्या रोज. काळ्या जमिनीत पाणी साचले की बुडाशी बुरशी धरते, साल तपकिरी पडते आणि एके दिवशी अख्खी वेल उभ्या उभ्या सुकते. त्यावर औषध शोधत बसण्यात अर्थ नाही. नवीन रोपे लावताना गादीवाफा करून उंचावर लावणे हाच उपाय. जांभळी वेल लावायची असेल तर पिवळ्याच्या खुंटावर बांधलेले कलम मागा, पिवळ्याच्या मुळ्या या मर रोगाला बऱ्याच दाद देत नाहीत.

कीड-रोगात दोनच गोष्टी सांगते. नारिंगी रंगाचे, टॉनी कोस्टर नावाचे फुलपाखरू या वेलीवर अंडी घालते आणि त्याच्या काटेरी अळ्या पाने फस्त करतात. फवारू नका, त्यात भुंगेही जातील. चिमट्याने वेचा, किंवा वेल मोठी असेल तर त्यांना त्यांचा वाटा खाऊ द्या, तुमच्या मांडवाला काही होत नाही. दुसरी गोष्ट गंभीर आहे. पाने चट्टेरी, सुरकुतलेली आणि फळे लहान, वेडीवाकडी, सालीने लाकडासारखी टणक होऊ लागली तर तो विषाणू. तो मावा पसरवतो आणि छाटणीच्या कात्रीनेही पसरू शकतो. अशी वेल उपटून जाळा आणि तिची कलमे कुणालाही देऊ नका.

आता आंबटपणा. तुम्ही फळ झाडावरून तोडले असणार. हे फळ तोडायचेच नसते. फूल धरल्यापासून साधारण 60 ते 80 दिवसांनी ते पूर्ण रंगते आणि आपोआप गळते. गळलेले फळ रोज सकाळी गोळा करायचे. तुमच्याकडे द्राक्षाची पाखरांसाठीची जाळी पडून असेलच, ती मांडवाखाली झोळीसारखी ताणून बांधा, म्हणजे फळ फुटत नाही आणि मुंग्याही लागत नाहीत. मग फळे दोन-तीन दिवस टोपलीत ठेवा. साल सुरकुतू लागली की आंबटपणा उतरतो आणि वास भरतो. बाजारात लोक गुळगुळीत फळ निवडतात आणि सुरकुतलेले बाजूला सारतात, हे अगदी उलटे आहे. तरीही एक लक्षात असू द्या, पिवळा प्रकार जांभळ्यापेक्षा मुळातच आंबट. तो चमच्याने खायचा नव्हे, सरबताचा. त्यात वेलीचा दोष नाही.

सरबत आपल्याला पन्ह्यासारखे करता येते. फळ कापून गर चमच्याने काढा, गाळणीत घालून चमच्याने चोळा. मिक्सरमध्ये घालायचाच असेल तर क्षणभरच फिरवा. बिया फुटल्या की रसात काळे कण आणि कडवटपणा येतो. गूळ, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि गार पाणी. टिकाऊ स्क्वॅश हवा असेल तर एक लिटर रसाला पावणेदोन किलो साखर आणि लिटरभर पाणी घ्या. साखर-पाण्याचा पाक आधी करून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच रस मिसळा. रस उकळला की त्याचा सुगंध उडून जातो आणि या फळात सुगंधासारखे दुसरे काही नाही. वेगळे आम्ल घालायची गरज नसते. घरच्यासाठी फ्रिजमध्ये ठेवा, किंवा नुसता गर बर्फाच्या साच्यात गोठवून वर्षभर वापरा. चक्क्यात केशराऐवजी हा गर घालून केलेले श्रीखंड आमच्या घरी दसऱ्याला होते आणि पातेले पुसून खाल्ले जाते. बियांसकट खाल्ले तर 100 ग्रॅम गरात साधारण 10 ग्रॅम तंतू आणि 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते. बिया चावून खाल्ल्या तरी अपाय नाही. सालीत पेक्टिन भरपूर असते, पिकलेल्या फळांची साल उकडून तिचा आतला मऊ भाग जॅममध्ये घालता येतो. कच्च्या, हिरव्या फळांपासून मात्र मुलांना लांब ठेवा. कच्च्या फळात आणि पानांतही सायनाइड मोकळे करू शकणारी द्रव्ये असतात, पिकताना ती फळातून कमी होत जातात.

हाच नियम सासूबाईंच्या बांधावरच्या वेलीला लागू आहे. त्यांचे निरीक्षण चुकीचे नाही, ती याच कुळातली, पण वेगळी जात, पॅसिफ्लोरा फेटिडा. मराठीत तिला वेलघाणी म्हणतात. पान चुरगळले की उग्र वास येतो, सगळ्या अंगावर चिकट लव असते आणि फळाभोवती हिरव्या तंतूंची जाळी. त्या जाळीच्या चिकट टोकांना बारीक किडे अडकून मरतात, म्हणजे वेल आपल्या फळाची राखण करते. तीही अमेरिकेतूनच आलेली आहे आणि आता देशभर तणासारखी पसरली आहे. बोराएवढे फळ पूर्ण पिवळे-नारिंगी झाले आणि सहज हातात आले तर खायला हरकत नाही. चव सौम्य गोड असते, आंबट जवळपास नाहीच. हिरवे खाऊ नये. आणि आजच्या बांधांबाबत मला जास्त काळजी तणनाशकाची वाटते. ज्या बांधावर फवारणी होते तिथले काहीही मुलांनी तोडून खाऊ नये, हे त्यांना स्पष्ट सांगा.

काढ्याचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो वेलीचा नाही, माणसाचा आहे. झोपेसाठी पॅशनफ्लॉवर, असे जे जगभर बोलले जाते, ते प्रामुख्याने पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा या जातीबद्दल. ती उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागातली. तिथले चेरोकी लोक तिची फळे खात, कोवळ्या पानांची भाजी करत आणि मूळ औषधात वापरत. पुढे युरोपात ती बेचैनी आणि निद्रानाशासाठी वापरली जाऊ लागली. युरोपीय औषध संस्थेने सौम्य मानसिक ताण आणि झोपेसाठी पारंपरिक वनौषधी म्हणून तिला मान्यता दिली, तीही दीर्घकाळच्या वापराच्या आधारावर. ब्राझीलमध्ये याच कामासाठी पॅसिफ्लोरा अलाटा या तिसऱ्याच जातीची पाने औषधकोशात आहेत. खाण्याच्या पॅशन फ्रूटची पानेही लोक वापरतात, श्रीलंकेत कोवळ्या पानांची खोबरे घालून भाजी करतात, नागालँडमध्ये पाने उकडून रक्तदाब आणि मधुमेहावर घेण्याची चाल आहे. हे वापर मी हलके समजत नाही. ज्या लोकांनी ते जपले, त्यांना कोणत्या वेलीचे कोणते पान, किती कोवळे, कसे उकडून घ्यायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहून माहीत असते. आपल्याकडे पोहोचते ते एवढेच, की कृष्णकमळाच्या पानाने झोप लागते. कोणत्या कृष्णकमळाच्या, हे वाटेतच गळून जाते. आपल्या भागाला या वेलीच्या पानाची परंपराच नाही, त्यामुळे चुकले तर थांबवणारे कुणी जाणतेही नाही.

सासऱ्यांना साखरेची गोळी चालू आहे असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा माझे उत्तर सरळ आहे, घरच्या मांडवावरच्या पानांचा काढा देऊ नका. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या औषधांबरोबर, झोपेच्या गोळीबरोबर, रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर असे काढे परस्पर घेऊ नयेत. गरोदर बाईने तर नाहीच, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना न सांगता मुळीच नाही. झोप का लागत नाही हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, वयस्कर माणसाची झोप मोडण्यामागे पुष्कळदा रात्रीची लघवी, साखरेची चढउतार किंवा गोळीची वेळ असते. पिकलेले फळ मात्र त्यांनी बेताने जरूर खावे, साखर न घालता, बियांसकट, जेवणाबरोबर. त्यातल्या तंतूंचा फायदाच होईल. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे आधी विचारावे. आणि रबराच्या हातमोज्यांनी कुणाला अंगावर पित्त उठत असेल, तर त्या माणसाने पहिल्यांदा अगदी थोडे खाऊन पाहावे, काहींना या फळाचीही तशीच ॲलर्जी असते.

एकराचे म्हणाल तर आत्ता नको. तासगाव, कवठे महांकाळ, आटपाडी, जत या पट्ट्यात ही वेल परसातली, सावलीतली आणि हाताने परागीकरण करता येईल एवढीच असावी. शिराळा, वाळव्याचा पश्चिम भाग, कराड, पाटण इथे कावेरी किंवा पिवळा प्रकार विचार करण्यासारखा आहे, आणि जावळी, पाचगणीकडे जांभळा. महाबळेश्वरला मुसळधार पावसात फुले वाया जातात, तिथे पावसानंतरच्या बहरावरच भिस्त ठेवावी लागते. कुठेही लावा, गळलेले फळ आठवडाभरात कोण विकत घेणार हे आधी ठरवल्याशिवाय लावू नका. मांडवाचा खर्च तुमचा वाचतो हे खरे, पण वेल चांगली फळते ती तीन-चार वर्षे, पाच-सहा वर्षांत ती बदलावीच लागते. द्राक्षासारखी पंधरा वर्षे ती साथ देत नाही.

यंदा एवढे करा. युरिया बंद, जानेवारीअखेर बाजूच्या फांद्यांची छाटणी, आणि वेगवेगळ्या ठिकाणची दोन पिकलेली फळे मिळवून त्यांचे बी. गर दोन-तीन दिवस आंबवून बी चोळून धुवा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा, जुने बी उगवत नाही. रोपे वीत-दीड वीत झाली की जूनच्या पहिल्या पावसात गादीवाफ्यावर लावा. दरम्यान फूल नेमके किती वाजता उमलते आणि कुक्षी खाली वाकतात का, हे पाहून मला कळवा. सोबत पानाच्या देठाजवळचा भाग नीट दिसेल असा एक फोटो. वेल जांभळी निघाली तर दुसऱ्या रोपांची गरजच पडणार नाही आणि मग फळ न धरण्याचे कारण आपल्याला भुंगा, ऊन आणि नत्र या तिघांतच शोधावे लागेल.